व्हायरल व्हेक्टरला मराठीत काय म्हणायचं? 'वाहक' नडतोय

भुसावळकर
बारावीच्या मुलांसाठी हृदयस्नायूच्या जनुकावर मराठीत टिपण लिहितेय. मायबीपीसी३ या जनुकातला डीएनएच्या २५ अक्षरांचा तुकडा काही जणांत गळालेला असतो. २००९ सालच्या संशोधनानुसार भारतीय उपखंडातल्या शंभरातल्या साधारण चौघांत हा दोष आहे आणि त्यामुळे हृदयस्नायूच्या आजाराचा धोका वाढतो. अशा लोकांच्या पेशींपासून प्रयोगशाळेत हृदयपेशी वाढवायच्या आणि धड जनुक विषाणूमार्फत त्यांत सोडायचं, एवढं मला सांगायचंय. पण वाक्य झालं असं: 'वाहकांच्या पेशींत वाहकाद्वारे जनुक पोचवले.' पहिला वाहक म्हणजे दोष अंगात असलेला माणूस, दुसरा म्हणजे व्हेक्टर, जनुक पेशीत नेणारा विषाणू. आमचे हे एसटीत आहेत, त्यांच्या लेखी वाहक म्हणजे कंडक्टर. काय करू?

तापीकाठ
ताई, आमच्या रावेरात वाहक म्हणजे मावा ही कीड. केळीवर हरण्या रोग येतो तो विषाणूमुळे, आणि त्याला या झाडावरून त्या झाडावर नेतो मावा. पानावर पिवळे पट्टे दिसले की झाड उपटून बागेबाहेर न्यायचं, जवळपास काकडीवर्गीय वेल ठेवायचे नाहीत आणि 'वाहक किडीचा' बंदोबस्त करायचा, हे आम्ही बांधावर उभं राहून ऐकलंय. आमच्याकडे विषाणूला कोणीतरी नेतं, तुमच्याकडे विषाणूच नेतो. माझा पोरगा बारावीलाच आहे. तुमचं वाक्य वाचून तो म्हणेल, हे लोक हृदयात रोग सोडताहेत.

गिरणाकाठ
हेच काम मी रोज करतो म्हणून लिहितो. आम्ही नुसतं 'व्हायरस टाकला' म्हणतो. बशीतल्या पेशींसाठी बहुतेकदा ॲडिनोव्हायरस, तो चटकन काम करतो. जिवंत उंदरासाठी एएव्ही या दुसऱ्या, छोट्या विषाणूचा एएव्ही९ हा प्रकार, हृदयाच्या पेशींत तो चांगला शिरतो. जनुकासोबत हिरवं चमकणारं प्रथिन जोडलेलं असलं की एक-दोन दिवसांत सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या झालेल्या पेशी आकुंचन पावताना दिसतात. कितीही वेळा पाहिलं तरी मला ते पाहत राहावंसं वाटतं.

तापीकाठ भाऊंची शंका रास्त आहे, पण एएव्ही वेगळा आहे. १९६५ साली तो ॲडिनोव्हायरसच्या नमुन्यात भेसळ म्हणून सापडला. एकट्याच्या बळावर तो वाढत नाही आणि त्याच्यामुळे माणसाला कुठला आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही. आम्ही त्याची स्वतःची जनुकं काढून टाकतो, फक्त दोन टोकं ठेवतो आणि मध्ये आपलं जनुक भरतो. जागा जेमतेम ४७०० अक्षरांची. मायबीपीसी३ सुमारे ३८०० अक्षरांचं, ते कसंबसं बसतं. एमवायएच७ हे हृदयस्नायूचंच दुसरं जनुक सुमारे ५८००, ते बसतच नाही. म्हणून मी 'वाहन' म्हणेन. वाहनात किती माल मावतो हा प्रश्न मुलांना आपोआप पडतो, 'वाहक' म्हटल्यावर पडत नाही.

पांझराकाठ
'वाहक' सोडू नये असं माझं ठाम मत आहे. लॅटिन 'वेहेरे' आणि आपला 'वह्' धातू एकाच मुळाचे. व्हेक्टर हा शब्दच मुळात 'वाहणारा' आहे, मग घरचा शब्द टाकून 'व्हेक्टर' कशाला घ्यायचा? 'विषाणू'चंही तेच, लॅटिन 'वायरस' म्हणजे विषच. तुम्ही 'विषाणुवाहक' लिहा.

तापीकाठ
सर, विषाणुवाहक म्हणजे पुन्हा मावाच झाला.

पांझराकाठ
षष्ठी तत्पुरुष घेतलात तर तसं होईल. कर्मधारय घ्या: विषाणू हाच वाहक.

गिरणाकाठ
बारावीच्या मुलाने वाक्य वाचता वाचता समास कोणता ते ठरवायचं का? २०२१ मध्ये कोविशिल्ड आली तेव्हा पेपरांनी सरळ 'व्हायरल व्हेक्टर लस' छापलं आणि गावोगावच्या लोकांनी ते वाचलं.

पांझराकाठ
वाचलं, पण समजलं किती जणांना? गणितात 'सदिश' म्हणजे व्हेक्टर शिकलेला मुलगा व्हेक्टर म्हटलं की बाण काढतो. परका शब्द घेतला म्हणून घोळ मिटत नाही.

बोरीकाठ
मी अमळनेरची. आमच्या अहिराणीत गाडंच म्हणतील. गाडामा जे भरा ते लई जास. आणि ताई, 'हृदयस्नायू' तरी कशाला? काळजाचा स्नायू म्हणा, आमच्या बोलण्यात कायीज. मन्ही माय अजून म्हणते, 'मन्हं कायीज तुटस'.

तापीकाठ
मटणाच्या दुकानात काळीज मागा, काय मिळतं बघा. यकृत मिळतं.

गिरणाकाठ
इथे मात्र सांभाळा, कारण घोळ नुसता शब्दाचा नाही. एएव्ही शिरेतून दिला की त्यातला बराचसा यकृतात जातो. जनुक तिथे कामाला लागू नये म्हणून त्याच्या आधी ट्रोपोनिन टी या हृदयस्नायूतल्या प्रथिनाचा प्रवर्तक, म्हणजे जनुक चालू करणारा तुकडा, जोडतात. विषाणू यकृतात शिरला तरी जनुक मुख्यतः हृदयाच्या पेशींतच बोलतं. टिपणात 'काळीज' लिहिलंत तर नेमका हाच मुद्दा मुलांना उलटा कळेल.

पांझराकाठ
तापीकाठ यांचं बरोबर आहे. संस्कृतात 'कालेय' म्हणजे यकृतच. काळीज छातीत सरकलं ते मागाहून.

बोरीकाठ
सर, मागाहून म्हणजे कधी? माझी आजी छातीवर हात ठेवूनच कायीज म्हणायची. ती काय चुकीचं बोलत होती?

भुसावळकर
टिपण उद्या छापायला जातंय. पहिल्या वाहकाला 'दोषधारक' करतेय. दुसऱ्याचं अजून ठरलेलं नाही. गिरणाकाठ, 'वाहन' लिहिलं तर 'विषाणूवाहन' की 'विषाणूचं वाहन'?

पांझराकाठ
आजी चुकीचं बोलत नव्हत्या. पण धुळ्याकडे 'कायजी' म्हणजे काळजी, ती याच शब्दातून आली असावी असं मला फार दिवस वाटतंय. अमळनेरकडे काय म्हणतात?

बोरीकाठ
कायजीच. पण सर, मायला विचारून सांगते, तिच्या माहेरी शिरपूरकडे वेगळं बोलतात.