प्रतिसाद: निकेल ही तांब्याची नक्कल नव्हे
अतिवाहकांच्या (विजेला अजिबात रोध न करणाऱ्या पदार्थांच्या) चर्चेत एकाने मत मांडलंय, की 'निकेलेट (निकेल-ऑक्सिजनची संयुगं) म्हणजे क्युप्रेटचीच (तांबे-ऑक्सिजनच्या संयुगांची) नक्कल'. हे मत २०१९मध्ये अतिवाहक ठरलेल्या निओडिमियम निकेलेटच्या पातळ फिल्मपुरतं बरंचसं पटतं. तिथे निकेल अणूच्या '३d' नावाच्या कक्षांत (इलेक्ट्रॉनांच्या कप्प्यांत) तांब्यासारखेच साधारण नऊ इलेक्ट्रॉन असतात. पण २०२३ साली प्रचंड दाबाखाली ८० केल्विनच्या (उणे १९३ अंश सेल्सिअसच्या) आसपास अतिवाहक झालेल्या दुहेरी थरांच्या लॅन्थॅनम निकेलेटमध्ये ते इलेक्ट्रॉन सरासरी साडेसात, आणि त्यांतले सर्वात वरच्या ऊर्जेचे दोन कक्षांत वाटलेले! एक कक्षा थरात पसरलेली, दुसरी वरच्या-खालच्या थरांना ऑक्सिजनमार्फत जोडणारी. सकाळच्या विरार फास्टमध्ये शेजाऱ्याचा अंदाज घेतल्याशिवाय हलता येत नाही, तशीच या इलेक्ट्रॉनांची गत. त्यात हुंडचा नियम एकाच अणूवरच्या दोन्ही कक्षांतले स्पिन (इलेक्ट्रॉनांचा इवल्या चुंबकासारखा गुण) समांतर ठेवू पाहतो. हा पेच क्युप्रेटमध्ये एवढा नाही. म्हणून मला 'नक्कल' शब्द खटकला.