मदत हवी आहे : हाड जुळलं, एनसीव्ही नॉर्मल, तरी पंजा जळतोय. निदान कागदावर कसं आणायचं?

गवती_चहा

मंडळी, मेव्हण्यासाठी विचारतो आहे. वय ३४, चाकणला एका कारखान्यात पॉवर प्रेसवर ऑपरेटर, पगार ईएसआयच्या (कामगार राज्य विमा) मर्यादेत. पाच महिन्यांपूर्वी उजवा पंजा प्रेसच्या डायखाली (साच्याखाली) चेपला. तर्जनीच्या मुळाशी तळहातातलं हाड मोडलं. दोन के-वायर (हाड धरून ठेवणाऱ्या तारा), चार आठवडे प्लास्टर. वायर निघाल्या, एक्स-रेत हाड व्यवस्थित जुळलेलं दिसतं.

त्रास मात्र वाढतच गेलाय. सतत आग. पंख्याचा वारा लागला तरी हात मागे घेतो, बाही कोपरापर्यंत दुमडून ठेवतो. पंजा सकाळी जांभळट आणि गार, संध्याकाळी लाल आणि गरम. घाम फक्त त्याच तळहाताला. मूठ वळत नाही. दुखणं आता मनगटाच्या वर, पार कोपरापर्यंत आलंय.

एनसीव्ही (नसांचा वेग मोजणारी तपासणी) नॉर्मल. एमआरआयमध्ये 'किरकोळ सूज'. एका डॉक्टरांनी तोंडी सीआरपीएसचं (कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम, इजेनंतर न थांबणारं दुखणं) नाव घेतलं, पण पेपरवर 'हाताचे दुखणे' एवढंच. दुसऱ्यांचं म्हणणं, नसेला काही झालेलंच नाही. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी दिली. मग फिट सर्टिफिकेट निघालं आणि टीडीबी (कामावरील इजेमुळे आलेल्या तात्पुरत्या अक्षमतेचा ईएसआयचा लाभ) बंद. कंपनी म्हणते हजर व्हा, हलकं काम देतो. कुठली टेस्ट केली म्हणजे हे सिद्ध होईल?

पाचवा_मणका

सिद्ध करणारी टेस्ट नाही. हे आधी पक्कं समजून घ्या, नाहीतर आणखी दहा-पंधरा हजार तपासण्यांत जातील आणि प्रत्येक 'नॉर्मल' रिपोर्ट तुमच्याच विरुद्ध वापरला जाईल.

एनसीव्ही नसेतल्या जाड तंतूंचा वेग मोजते. आग, गार-गरम, घाम, कातडीखालच्या रक्तवाहिन्यांचं आकुंचन हे सगळं बारीक तंतूंकडे असतं आणि ते या तपासणीत दिसतच नाहीत. सीआरपीएसचे दोन प्रकार. टाइप २ मध्ये ठरावीक नसेची इजा दाखवता येते. टाइप १ मध्ये येत नाही, आणि तसं असणं ही त्या प्रकाराची व्याख्याच आहे. याला पूर्वी आरएसडी (रिफ्लेक्स सिंपथेटिक डिस्ट्रॉफी) म्हणत, १९९४ साली नाव बदललं. जुन्या पेपरांत आरएसडी किंवा 'सुडेक' दिसलं तर ते वेगळं दुखणं समजू नका.

निदान होतं ते बुडापेस्ट निकषांवर. २००३ साली त्या शहरात झालेल्या बैठकीतून ते आले. इजेच्या मानाने फार जास्त आणि न थांबणारी वेदना हवी. मग चार गट : स्पर्श-वेदना, रंग-तापमान, सूज-घाम, आणि हालचाल-नख-केस-कातडी. चारपैकी तीन गटांत रुग्णाची किमान एकेक तक्रार हवी. आणि दोन गटांत किमान एकेक खूण तपासणीच्या वेळी डॉक्टरांना स्वतःला दिसायला हवी. शिवाय दुसऱ्या कोणत्याही आजाराने हे सगळं नीट समजावता येऊ नये.

गोची 'तपासणीच्या वेळी' या शब्दांत आहे. खुणा दिवसातून चार वेळा बदलतात. ओपीडीत एसीमध्ये तासभर बसून नंबर लागेपर्यंत पंजा शांत झालेला असतो आणि पेपरवर उमटतं 'सूज नाही, रंग प्राकृत'. म्हणून एका भेटीवर अवलंबून राहू नका. तीन-चार भेटी, वेगवेगळ्या वेळी, आणि दर वेळी डॉक्टरांना विनंती करून दोन्ही हातांची तुलना लिहून घ्यायची. 'हाताचे दुखणे' ऐवजी 'उजवा पंजा डाव्यापेक्षा गरम, कापूस फिरवल्यावर वेदना, तळहाताला जास्त घाम' अशी एक ओळ मिळाली की दहा रिपोर्टांचं काम होतं.

दुखणं एका नसेच्या हद्दीत राहत नाही, हातमोजा घातल्यासारखं पसरतं. ते पाहून 'हे मानसिक आहे' असं लिहिणारे भेटतात. या दुखण्याची चाल मुळात तशीच असते. मानसोपचाराची चिठ्ठी नाकारू नका मात्र. जाऊन या, त्यांच्याकडून लेखी मत घ्या. 'सोंग घेतल्याची लक्षणं आढळली नाहीत' असं एका मनोविकारतज्ज्ञाने लिहिलेलं पुढे फार उपयोगी पडतं.

उलट_तपासणी

एक मिनिट. घरबसल्या सीआरपीएसचा शिक्का मारायची घाई नको. निकषांतली शेवटची अट, दुसरं कारण नसण्याची, बहुतेक ठिकाणी कोणी धड तपासतच नाही. चेपलेल्या पंजात कार्पल टनेल (मनगटातला नसेचा बोगदा) दाबला जाऊ शकतो, वायरच्या जागी न्यूरोमा, म्हणजे नसेची दुखरी गाठ, होतो (तिथे टिचकी मारली की बोटात करंट जातो), हाडात दबलेला जंतुसंसर्ग राहू शकतो, कंडरा चिकटून मूठ वळेनाशी होते. रक्तपेशींची साधी मोजणी, ईएसआर आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या), दोन्ही हातांचे एकाच फिल्मवर एक्स-रे, आणि रक्तप्रवाहाची शंका असेल तर डॉपलर, एवढं करून घ्या. चिठ्ठीवर सीआरपीएस वाचून लॅबवाले सीआरपी करून पाठवतात आणि 'नॉर्मल आलं, आजार नाही' असं सांगतात, त्याला भुलू नका. दोन्हींचा संबंध फक्त स्पेलिंगपुरता.

एकाच फिल्मवर दोन्ही हात यासाठी, की उजव्या पंजाची हाडं ठिपक्याठिपक्यांनी विरळ झाली असतील तर डाव्याशेजारीच ते डोळ्यांत भरतं. तीन फेजचा बोन स्कॅन पहिल्या काही महिन्यांत कधी कधी साथ देतो. तो नॉर्मल आला म्हणून आजार नाही असं मात्र होत नाही.

हाताची_घडी

घरी नोंद कशी ठेवायची ते सांगते, कारण ईएसआयच्या मेडिकल बोर्डासमोर 'फार दुखतं' याला किंमत नाही, आकड्यांना आहे.

तापमान : इन्फ्रारेड थर्मामीटर. मोजण्याआधी पंधरा मिनिटं दोन्ही हात टेबलावर उघडे, एकमेकांना न टेकवता. पंखा बंद, चहा-तंबाखू नाही. मग तीन जागा : तळहाताचा मध्य, मधल्या बोटाचं टोक, पंजाची वरची बाजू. दोन्ही हात, तेवढ्याच अंतरावरून, सकाळ-संध्याकाळ. एक अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक वारंवार दिसला तर त्याला अर्थ आहे. फरकाची दिशा उलटसुलट झाली तरी तशीच लिहा. तुमच्या मेव्हण्याचा पंजा सकाळी गार आणि संध्याकाळी गरम असतो, ती नोंद खोडून सरळ करायचा मोह नको.

सूज : टेपने बोटांचा घेर घ्या, दर वेळी त्याच रेघेवर. पंजासाठी जुनी युक्ती चांगली आहे. काठोकाठ भरलेलं पातेलं परातीत ठेवायचं, पाणी खोलीच्याच तापमानाचं. मनगटावर पेनने रेघ मारायची आणि रेघेपर्यंत हात सावकाश बुडवायचा. परातीत सांडलेलं पाणी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचं; एक ग्रॅम म्हणजे एक मिली. तीनदा करून सरासरी. चांगला हातही मोजा. उजवा हात मुळातच थोडा मोठा असतो, त्यामुळे एका दिवसाचा फरक पुरेसा नाही, आठवड्यागणिक तो कसा बदलतो ते पाहायचं.

फोटो दोन्ही हात एकत्र, पांढऱ्या चादरीवर, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद. नखांचे वेगळे. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या फोटोची मूळ माहिती निघून जाते, म्हणून मूळ फाइल जपून ठेवा.

आणि बर्फ बंद. कोणी शेकायला सांगितला असेल तरी बंद. हात परत प्लास्टरमध्ये किंवा दिवसभर झोळीत अडकवणं त्याहून वाईट. न वापरलेला पंजा मेंदूच्या नकाशातून पुसट होत जातो. फिजिओकडे बोटं जोर लावून वाकवत असतील तर तेही थांबवायला सांगा. दुसऱ्या दिवशी सूज वाढते आणि माणूस हातच लावू देत नाही.

क्रम असा चालतो : आधी डाव्या-उजव्या हातांची चित्रं झटपट ओळखणं, मग हालचाल नुसती मनात करणं, मग आरसा. आरशामागे दुखरा हात, समोर चांगला. पाच-पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. पहिले काही दिवस नुसतं बघायचं. कातडीसाठी रेशमी कापड, मग कापूस, मग धुतलेला पंचा, शेवटी तांदळाच्या डब्यात हात. पायरी गाळलीत तर परत पहिलीपासून.

गवती_चहा

खूप आभार. दोन गोष्टी राहिल्या. कंपनीने भरलेल्या अपघाताच्या फॉर्ममध्ये 'बोटास किरकोळ मार' असं आहे. आणि एका पेन क्लिनिकने मानेत ब्लॉक (नसा बधिर करणारं इंजेक्शन) सुचवलाय, तो बोर्डाच्या आधी घ्यावा की नंतर?

कामगार_कट्टा

फॉर्मचं आधी. कारखान्यातलं अपघात रजिस्टर म्हणजे फॉर्म ११, ईएसआयला जातो तो फॉर्म १२. दोन्हींच्या प्रती मागा. 'बोटास मार' तसंच राहिलं तर उद्या बोर्ड विचारेल, बोटाला लागलं तर कोपर का दुखतं? पहिल्या दिवशीचा केसपेपर, ऑपरेशन नोट आणि एक्स-रे रिपोर्ट जोडून 'उजवा पंजा चेपला, तळहाताचे हाड मोडले' अशी दुरुस्ती करावी म्हणून कंपनीला आणि ईएसआयच्या ब्रँच ऑफिसला लेखी अर्ज द्या. पोच शिक्क्यासह घ्या.

दुसरी ठेच इथे लागते. यापुढची सर्टिफिकेटं 'कामावरील इजा' म्हणून निघतात की 'आजारपण' म्हणून, ते प्रत्येक वेळी पाहा. टीडीबी पगाराच्या ९० टक्के आणि अक्षमता टिकेपर्यंत. आजारपणाचा लाभ ७० टक्के आणि वर्षाला ९१ दिवस. डॉक्टरांनी घाईत दुसऱ्या खान्यात टिक केली की पैसाही कमी आणि इजेची साखळीही तुटली.

फिट सर्टिफिकेटवर गप्प बसू नका. त्याच दवाखान्यात जाऊन त्रास कायम असल्याचं सांगा, केसपेपरवर नोंद करून घ्या, तज्ज्ञांकडे रेफरल लेखी मागा. नाही म्हणाले तर 'नाही' लेखी मागा. हलक्या कामावर तो हजर झाला तर त्या दिवसांचा टीडीबी नाही. आणि 'हलकं' म्हणजे नेमकं काय हे पत्रात नसेल तर आठवड्यात परत प्रेसवर उभा करतात. टीडीबी चालू असताना शेजाऱ्याच्या दुकानात बसणंही नको. कोणीतरी व्हिडिओ काढतंच.

कायमच्या अक्षमतेसाठी मेडिकल बोर्डाचा अर्ज ब्रँच ऑफिसमध्ये. निर्णय पटला नाही तर तीन महिन्यांत अपील. तिथे मुद्दा हात किती टक्के अधू याचा नसून कमावण्याची क्षमता किती गेली याचा असतो. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरचा आकडा वेगळा, हा वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली डावा हात गमावलेल्या सुताराला नुकसानभरपाई कायद्याखाली पूर्ण अक्षम धरलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. म्हणून अर्जात कामाचं वर्णन लिहा : जॉब (प्रेसवर ठेवायचा तुकडा) किती किलोचा, मिनिटाला प्रेसचे किती स्ट्रोक, दोन्ही हातांची बटणं एकदम दाबावी लागतात का.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. इंटरनेटवरच्या नमुन्यांतले जुने कलम क्रमांक अर्जात चिकटवू नका. अपघाताची तारीख ठळक लिहा, कलम वकील पाहतील.

पाचवा_मणका

ब्लॉकबद्दल. मानेत देतात तो स्टेलेट गँग्लियन ब्लॉक, हाताच्या रक्तवाहिन्या आणि घाम सांभाळणाऱ्या नसांच्या गाठीचा. बोर्डासाठी थांबवू नका, पहिल्या काही महिन्यांतल्या उपचाराला जास्त वाव असतो. सोनोग्राफीखाली देणाऱ्यांकडेच घ्या. नीट लागला तर त्याच बाजूची पापणी थोडी खाली येते, आवाज घोगरा होऊ शकतो, पंजा गरम होतो. काही तासांत उतरतं. आधीचं आणि अर्ध्या तासानंतरचं दोन्ही हातांचं तापमान डिस्चार्ज पेपरवर लिहून घ्या. हात गरम झाला पण दुखणं तसंच, असंही होतं. त्यावरून आजार खोटा ठरत नाही. सगळी वेदना त्या नसांवर अवलंबून नसते.

प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन (नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या) चालू असेल तर स्वतःहून एकदम तोडू नका. दोन्हींनी गुंगी येते, हेही 'प्रेसवर काम करण्यास योग्य नाही' असं लिहून घेण्याचं कारण आहे.

बोर्डाच्या दिवशी गोळी चुकवून जायचा सल्ला कोणी देईल, ऐकू नका. नेहमीची गोळी घ्या आणि कोणती, किती मिलिग्रॅम, किती वाजता ते चिठ्ठीवर लिहून न्या. हात गुंडाळू नका, मेंदी-तेल काही नको, नखं आठ दिवस कापू नका. दोन्ही बाह्या वर करून बसा आणि दोन्ही हात एकदम टेबलावर ठेवा.