अनुभव धागा: नाशिकमधली हिरवी कामं, मापांसकट

पावसाळा तोंडावर आलाय, पुन्हा रोपं वाटली जातील, फोटो निघतील. म्हणून हा धागा. सोसायटीतलं खत, टेकडीवरची लागवड, गच्चीवरचं पाणी, गोदेची सफाई, विसर्जन, ज्यात तुमचा हात मळलाय ते लिहा. अट एकच: किती फूट, किती किलो, कुठल्या महिन्यात आणि काय बिघडलं. "खूप समाधान मिळालं" हे गृहीत धरलंय.

इंदिरानगरचा हौद

खतापासून सुरुवात. फ्लॅटमागे रोज अर्धा किलो ओला कचरा धरा. ३० फ्लॅटना १५ किलो. त्याला विटांचे तीन हौद लागतात, प्रत्येकी ४ फूट लांब, ३ रुंद, ३ उंच. एक भरतोय, दुसरा मुरतोय, तिसरा चाळतोय अशी पाळी. एक हौद महिन्यात भरतो. दोनच बांधले की दुसऱ्या महिनाअखेरीस अर्धंकच्चं खत उपसायची वेळ येते आणि तिथेच योजना बंद पडते.

विटा जाळीदार रचा, दोन विटांत तीन बोटांची फट. तळाला काटक्या आणि नारळाच्या शेंड्यांचा अर्धा फूट थर. मग एक घमेलं ओला कचरा, दोन घमेली पालापाचोळा, असं रोज. विरजण म्हणून जुनं खत सगळ्यात उत्तम. नसेल तर १० लिटर पाण्यात अर्धा लिटर आंबट ताक आणि मूठभर गूळ. बाजारातली महागडी पावडर नसली तरी चालतं. ओल मुठीने बघायची: मूठ आवळल्यावर बोटांच्या फटीत पाणी चमकावं, ठिबकू नये. पाचव्या दिवशी लोखंडी सळई आत खुपसून दहा मिनिटांनी काढा. हाताला चटका बसला की आत काम चाललंय.

खरी अडचण पाल्याची. पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये, गरज जुलैमध्ये. पावसाळ्याच्या चार महिन्यांना ३० फ्लॅटच्या हिशोबाने दाबून भरलेल्या ७०-८० गोण्या साठवाव्या लागतात, आणि त्याही वीजमीटरच्या खोलीपासून लांब. बदाम, वड यांची जाड पानं तशीच टाकली तर सहा महिने चामड्यासारखी राहतात. पार्किंगमध्ये पसरा, दोन दिवस त्यावरून गाड्या जाऊ द्या, चुरा फुकट होतो.

सडक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा नाही: उपसा, पाला मिसळा, परत भरा. नाकाला झोंबणारा वास आला तर ओला कचरा जास्त झालाय, नुसता पाला वाढवा. मुंग्या लागल्या तर कोरडं पडलंय, पाणी शिंपडा. करड्या, जाड अळ्या दिसल्या की ग्रुपवर हलकल्लोळ होतो. त्या काळ्या सैनिक माशीच्या, निरुपद्रवी, कचरा झपाट्याने खातात. उंदीर मात्र पोळ्या, भात आणि हाडांमुळेच येतात.

गच्चीवरची तुळस

चाळलेलं खत पडून राहतं का? आमच्याकडे दहा गोण्या नुसत्या उभ्या आहेत.

इंदिरानगरचा हौद

महिन्याच्या ४५० किलो कचऱ्यातून ८०-१०० किलो निघतं. कुंडीला महिन्याला दोन मुठी पुरतात, म्हणजे कुंड्यांनी ते कधीच संपणार नाही. टेकडीवर झाडं लावणाऱ्या सातपूरकरांना द्या. गोणी घट्ट बांधू नका, घामटून वास मारतो.

सातपूरकर

नक्की द्या, दर खड्ड्याला दोन घमेली लागतात.

सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर लोकांनी लावलेली देवराई बघून आलेल्यांना वाटतं की हजार खड्डे खणले की झालं. रोपांची संख्या खड्ड्यांवर नाही, एप्रिलच्या पाण्यावर ठरते. पहिल्या उन्हाळ्यात रोपामागे आठवड्याला १५ लिटर. ५०० रोपं म्हणजे ७,५०० लिटर, पाच हजारी टँकरचे दीड टँकर, आणि टँकर पायथ्याशीच थांबतो. वर टाकी आणि खाली उतरणारी एक इंची पाइपलाइन होणार असेल तर ५००, नाहीतर जेवढे कॅन खांद्यावरून जातील तेवढीच. दुसऱ्या उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी पाणी. तिसऱ्यात बंद करा, मुळं खाली जायला हवीत.

टेकडी बहुधा वनखात्याची असते. परवानगीचं पत्र आधी, कुदळ नंतर. खड्डे मे महिन्यात, २×२×२ फूट, म्हणजे तापून निघतात. वरची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या. भरताना वरची माती, दोन घमेली खत आणि वाळवीसाठी २०० ग्रॅम निंबोळी पेंड. मुरूम खड्ड्यात परत टाकायचा नाही, उताराच्या खालच्या अंगाला अर्धचंद्राकृती बांध घालायला वापरायचा. कातळ लागला तर हट्ट न करता चार फूट सरका. लागवड दोन दमदार पावसांनंतर; पहिल्या सरीला लावलेलं रोप मधल्या उघडिपीत जातं.

रोप घेताना पिशवीचा तळ बघा. मूळ तळाशी वेटोळं झालं असेल तर ते कापूनच लावा. तसंच लावलेलं रोप दोन वर्षं छान दिसतं आणि तिसऱ्या वर्षी वादळात मुळासकट आडवं होतं. पिशवी फाडून पूर्ण काढायची, हे लिहावं लागतं कारण दर वर्षी पिशवीसकट लावलेली सापडतात. उतारावर पळस, खैर, सालई, आपटा, मोह. ओहोळाजवळ अर्जुन, करंज, उंबर, जांभूळ. गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, हे परदेशी झाड) आधीच असेल तर एकदम तोडू नका. उन्हाळ्यात त्याची थोडी आडसावली कोवळ्या रोपांना हवी असते. रोपं डोक्यावर गेली की गिरिपुष्प छाटा.

आता वणवा. नोव्हेंबरात गवत वाळतं. डिसेंबर संपायच्या आत लागवडीभोवती ३ मीटरचा जाळपट्टा पूर्ण मोकळा हवा. आळ्यात ओल टिकवायला गवत पसरतात, ते आगीला निमंत्रण. दगड रचा, ओल तितकीच धरतात. सीड-बॉलबद्दल (मातीत वळलेले बियांचे गोळे) कोणी विचारण्याआधीच: उघड्या मुरमाड उतारावर त्यातलं फारच थोडं जगतं. शाळेच्या सहलीला ठीक.

पंचवटीची पन्हळ

गच्चीवरचं पावसाचं पाणी किती मिळतं? १५० चौरस मीटरची गच्ची, ७०० मिलिमीटर पाऊस, २० टक्के वाया: ८४ हजार लिटर. हिशोब सोपा आहे, चुका पुढे होतात.

पहिलं पाणी सोडून द्यायचं असतं, निदान मिलिमीटरभर, म्हणजे या गच्चीचं १५० लिटर. लोक त्यासाठी ११० मिमी पाइपचा मीटरभर तुकडा लावतात. त्यात मावतं नऊ लिटर! कबुतरांची सगळी घाण फिल्टरमध्ये. साधा व्हॉल्व्ह बसवा आणि पहिले दोन पाऊस तो उघडा ठेवा. फिल्टरला २०० लिटरचा ड्रम पुरतो: तळाला ४० मिमी खडी, वर २० मिमी, वर जाडी वाळू, दर थरामध्ये नायलॉनची जाळी. दर पंधरवड्याला वरची दोन इंच वाळू काढून धुवायची. हे काम कोणाचं ते ठरलेलं नसेल तर ऑगस्टमध्ये ड्रम वरून वाहतो आणि कुणीतरी पाइपच सोडवून ठेवतो.

बोअरमध्ये सोडणार असाल तर आधी तो पाणी घेतो का ते तपासा. इथला खडक काळा पाषाण, पाणी फक्त भेगांतून मुरतं. ५०० लिटर ओतून बघा. तासाभरात पातळी उतरली नाही तर बोअरचा नाद सोडून टाकी बांधा. आणि गच्चीवर कपडे धुतले जात असतील तर ते पाणी बोअरमध्ये अजिबात नको.

गोदाकाठ

जलपर्णी: वरच्या अंगाकडून खाली काढत या, उलटं केलं तर साफ केलेला पट्टा आठवड्यात पुन्हा भरतो. फुलण्याआधी काढा, बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. काठावर ढीग लावून घरी गेलात तर पहिल्या पुरात परत नदीत. बहुतेक वजन पाण्याचंच असतं, त्यामुळे पूररेषेच्या वर तीन-चार दिवस वाळवून मगच ट्रॅक्टर बोलवा, फेऱ्या कितीतरी कमी होतात. गमबूट, धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि पाण्यात उतरणाऱ्याच्या कमरेला दोर.

जुनं सिडको

विसर्जनाचं राहिलं. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती घरीच बादलीत विरघळवायला तिच्या वजनाइतकं अमोनियम बायकार्बोनेट लागतं. २ किलोच्या मूर्तीला २ किलो, मूर्ती पूर्ण बुडेल एवढं पाणी. खायचा सोडा वेगळा. दर दोन-तीन तासांनी ढवळा, ४८ तास धरा. फेस येतो, वास झोंबतो, म्हणून बादली उघड्यावर ठेवा, बंद बाथरूममध्ये नको. तळाला खडूसारखं कॅल्शियम कार्बोनेट बसतं, वरचं पाणी अमोनियम सल्फेटचं, म्हणजे खतच. पण रंग त्यातच उतरलेला असतो. भाजीपाल्याला ते घालू नये. भरपूर पाणी मिसळून शोभेच्या झाडांना थोडं थोडं. मूर्ती जाड असेल आणि दोन दिवसांनी आत गाभा टणक लागला, तर ढवळणं कमी पडलंय: वरचं पाणी काढा, आणखी अर्धा किलो पावडर आणि ताजं पाणी घाला, एक दिवस थांबा.

शाडूची मूर्ती असेल तर पातेल्यात एक रात्र. सकाळी वरचं पाणी ओता, गाळ सुती कापडावर पसरा. पुढच्या वर्षीची माती तयार.