मायक्रोग्लिया दाबून टाकायच्या का?

जन्मताना ऑक्सिजन कमी पडला की मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या संरक्षक पेशीच, बाळाच्या मेंदूचं नुकसान करतात, त्या औषधानं दाबाव्यात, असं काही जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. ऑक्सिजन कमी पडल्यावर सूज वाढवणारी रसायनं त्या सोडतात, खरंय. पण मेलेल्या पेशींचा कचराही त्याच उचलतात. उंदरांच्या नवजात पिल्लांत त्या आधीच काढून टाकल्या, तर स्ट्रोकनंतरची इजा उलट वाढली होती.

माझा भाचा सांगलीत जन्मला तेव्हा रडलाच नाही. मेंदूची इजा कमी व्हावी म्हणून सहा तासांच्या आत त्याला गार गादीवर ठेवलं, अंगाचं तापमान 33.5 अंशांवर, 72 तास. बहीण काचेतून बघत सारखी म्हणायची, "दादा, पाय गार पडलेत रे त्याचे, दुपटं तरी घालायला सांग की." डॉक्टरांनी तेव्हा समजावलं की पहिल्या धक्क्यानंतर मेंदू थोडा सावरतो, आणि काही तासांनी इजेची दुसरी लाट येते. मायक्रोग्लियांची ही सगळी धावपळ त्यानंतरही कित्येक दिवस चालू असते.