‘राँग’ की ‘राँगली’? बाबांच्या अर्जावरून पेटलेला वाद

कपाशीचा_लेक
विषय छोटा आहे, पण डोकं तापलं म्हणून लिहितो. पीक विम्याच्या यादीत बाबांच्या आडनावाच्या स्पेलिंगमधला एक ‘एच’ गळाला आणि पैसे अडकले. विमावाल्यांचा सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत, म्हणून अर्ज मीच लिहिला: ‘यू हॅव स्पेल्ट माय फादर्स नेम राँग.’

पाठवायच्या आधी गावातल्या एका निवृत्त गुरुजींना दाखवला. त्यांनी खिशातला लाल पेन काढला, ‘राँग’भोवती गोल केला, पुढे ‘ली’ जोडलं आणि म्हणाले, “बीए कसा झाला बे तू?”

माझं म्हणणं, गुरुजी चुकले. क्रियापद आणि कर्म यांच्या मागून येताना ‘राँग’ स्वतःच क्रियाविशेषण असतं. ‘गो राँग’, ‘गेट इट राँग’ याला ‘ली’ लावून दाखवा. आणि आपण मराठीत काय म्हणतो? नाव चुकीचं लिहिलं, पाटी वाकडी लावली, भिंत तिरपी बांधली. ‘वाकडेपणाने लावली’ कोणी म्हणत नाही. आपल्या तोंडात बसलेली रीत इंग्रजीतही चालते, तिथंच पोट्ट्यायले लाल गोल कायले?

रिटायर्ड_खडू
ते गुरुजी मी नाही, पण बाजू त्यांचीच घेतो. ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत फळा पुसला आहे. पोरांना नियम एकच द्यावा: क्रिया कशी झाली ते सांगायचं तर ‘ली’. अपवाद आधी शिकवले की ‘ही सिंग्ज बॅड’ वहीत उगवतंच, आणि मग ते तणासारखं निघत नाही. रॉबर्ट लोथ या बिशपने १७६२ साली व्याकरण लिहिलं. विशेषणं क्रियाविशेषणासारखी वापरणं त्यालाही पटलं नव्हतं, आणि ते सांगताना शब्द कोणता वापरला, तर ‘इम्प्रॉपरली’! बोलताना काहीही बोल बाळा, पण अर्ज हा अर्ज असतो.

कपाशीचा_लेक
सर, बिशपांच्या आधीही लोक इंग्रजी बोलत होतेच की. जुन्या इंग्रजीत विशेषणाला शेवटी ‘ए’ लावून क्रियाविशेषण करत. पुढं तो ‘ए’ झिजून गेला आणि दोन्ही रूपं सारखी दिसू लागली. ‘फास्ट’ आणि ‘हार्ड’ त्यातलेच. त्यांना ‘ली’ चिकटवायला गेलं की काय होते? ‘माय फादर वर्क्ड हार्डली’ लिहिलं की दिवसभर वखरणी करून आलेला बाप कामचोर ठरते.

वीसावा_अटेम्प्ट
स्पर्धा परीक्षेत चार पर्याय असतात, भावना नसतात. ‘ली’ दिसलं की गोल काळा करा, पुढे चला.

पऱ्हाटीवाली_ताई
तुम्ही दोघंबी शेपटीवर भांडून रायले, जनावर कोणतं ते कोणी पाहूनच नाही रायलं.

२०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. तवापासून औषधाच्या डब्यासोबतचं घडीचं पत्रक मी शेवटपर्यंत वाचतो... आता ‘वाचते’ म्हणा, नाहीतर खडू सर मलाबी लाल गोल करतील. सांगायचं ते हे. फवारणी ‘बॅडली’ झाली म्हणजे अर्धी पऱ्हाटी कोरडीच राहिली. ‘इनकरेक्टली’ झाली म्हणजे पंपात मात्रा चुकली, मंग माणूस कितीबी मन लावून फवारो. ‘केअरलेसली’ म्हणजे त्याचं ध्यान मोबाईलात. आणि ‘इम्प्रॉपरली’ म्हणजे तोंडाले रुमाल नाही, अंगात नुसती बनियन, अन् वाऱ्याकडे तोंड करून उभा. चार शब्द, चार वेगळे गुन्हे. पोट्ट्यायले साऱ्याले ‘बॅडली’ एकच शिकवलं, तर पत्रक वाचूनबी त्यायले समजन काय?

आपल्या बोलीत हा फरक आहेच की. थातूरमातूर, कसंतरी, वेडंवाकडं, गबाळ्यावानी. एकाच्या जागी दुसरा बसवून पाहा, बसतच नाही.

जिनिंगवरचा_माणूस
ताईंच्या यादीत ‘शॉडिली’ घाला. हा शब्द आपल्या धंद्याच्या जवळचा. जुन्या लोकरी चिंध्या फाडून, पिंजून पुन्हा जे सूत काढतात त्याला इंग्लंडात ‘शॉडी’ म्हणत. यॉर्कशरमधल्या बॅटली गावात १८१३ च्या सुमारास हा उद्योग सुरू झाला. कापड दिसायला ठीक, पण टिकाऊ नाही, म्हणून शब्द तकलादू कामाला चिकटला. आपल्या पानिपतात आजही शॉडीच्या घोंगड्या होतात. गावच्या रस्त्यासाठी दुसरा शब्द शोधायची गरज नाही.

‘वेडंवाकडं’लाही जोड आहे, पण त्याचा उच्चार भल्याभल्यांना फसवतो. स्पेलिंग बघून लोक ‘ऑरी’ म्हणतात. ए-डब्ल्यू-आर-वाय, खरा उच्चार ‘अराय’. त्यातला ‘राय’ म्हणजे पिळवटलेला. बेत फिसकटला, केस विस्कटले, दोन्हीकडे चालतो.

रिटायर्ड_खडू
ताईंचं पटलं. वर्गात मी ‘बॅडली’च्या पुढे कधी गेलो नाही, हे कबूल. पण मग ‘बॅडली’चाही दुसरा चेहरा दाखवा. ‘आय बॅडली नीड अ जॉब’ म्हणजे नोकरीची वाईट पद्धतीने गरज नव्हे, अतिशय निकड. आणि ‘चुकून’चा घोटाळा तर दरवर्षीचा. ‘मी चुकून तुझा डबा नेला’ याचं पोरं ‘आय राँगली टुक युवर टिफिन’ करतात. अरे, डबा नेण्याची रीत चुकली नाही, डबाच दुसऱ्याचा होता! तिथं ‘बाय मिस्टेक’. म्हणून म्हणतो, ‘ली’ला मोकळं सोडू नका आणि ‘राँग’लाही नको.

कपाशीचा_लेक
सर, म्हणजे माझ्या वाक्यातलं ‘राँग’ बरोबर ना?

रिटायर्ड_खडू
चूक नाही. पण मी असतो तर ‘इनकरेक्टली’ लिहिलं असतं. साहेबाला वजनदार शब्द लागतो. आणि एक ध्यानात ठेव: क्रियापदाच्या आधी आलं की ‘ली’ सुटत नाही. ‘द नेम वॉज राँगली स्पेल्ट.’ तिथं ‘वॉज राँग स्पेल्ट’ लिहिशील तर लाल पेन घेऊन मीच येईन.

पऱ्हाटीवाली_ताई
ते सोडा, बाबांचं नाव दुरुस्त झालं का?

कपाशीचा_लेक
झालं ताई, ‘राँग’वालाच अर्ज पाठवला होता. एच परत आला. आता नव्या यादीत गावाचं नाव चुकलं. दुसरा अर्ज लिहून रायलो, ‘अवर व्हिलेज हॅज बीन राँगली एंटर्ड.’ सर, या वेळी ‘ली’ आधीच लावलं आहे.