टिर्झेपटाइडचं पेन सुरू करायचंय: फ्रिज, सुई, ग्लिमेपिराइड आणि एकादशी

अंबडवाला

नमस्कार मंडळी. वय ४४, उंची १६८ सेंमी, वजन ९६ किलो. डायबेटिस आहे, ग्लिमेपिराइड १ + मेटफॉर्मिन ५०० ची एकत्र गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे. गंगापूर रोडच्या एमडी डॉक्टरांनी वजन आणि शुगर दोन्हीसाठी टिर्झेपटाइडचं इंजेक्शन लिहून दिलंय, आठवड्यातून एकदा, सुरुवात २.५ मिग्रॅ. अजून विकत घेतलेलं नाही. ओपीडीत गर्दी होती, विचारायचं बरंच राहून गेलं.

१. शनिवार-रविवार येवल्याकडे गावी असतो. तिथे लाइटीचा भरवसा नाही आणि उन्हाळ्यात घर तापतं. पेन सोबत न्यायचं कसं?
२. मेडिकलवाला म्हणतो वायल (औषधाची कुपी) घ्या आणि इन्सुलिनच्या सिरिंजने टोचा, औषध तेच.
३. कंपनीतला एक जण म्हणतो मोठ्या डोसचं पेन घे, क्लिक मोजून थोडं थोडं टोच, निम्मे पैसे वाचतात.
४. एकादशी आणि श्रावणी सोमवार धरतो. चालेल का?
५. हे किती महिने घ्यायचं असतं?

स्वतःच्या कहाण्या नकोत, नेमकी माहिती असेल तर सांगा.

औषधी_पंचवटी

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतात.

क्विकपेनमध्ये, म्हणजे टिर्झेपटाइडच्या पेनमध्ये, चार डोस असतात आणि प्रत्येक डोस ०.६ मिली. २.५ च्या पेनमध्येही ०.६ आणि १५ च्या पेनमध्येही ०.६. फरक द्रावण किती तीव्र आहे एवढाच. म्हणजे १५ च्या पेनमधून अंदाज चुकला की चूक सहापट महागात पडते. त्या पेनचं बटण पूर्ण डोससाठी बनवलेलं आहे, क्लिक हे माप नव्हे. शिवाय पहिला डोस घेतल्यापासून ३० दिवसांत पेन टाकून द्यायचं असतं. तुकडे पाडून दोन-अडीच महिने पुरवलेलं पेन म्हणजे मुदत संपलेलं, वारंवार सुई घुसलेलं औषध. चौथ्या डोसनंतर आत थोडं औषध दिसतं, ते दर वेळच्या प्रायमिंगसाठी (टोचण्याआधी थेंबभर सोडून हवा काढायला) जास्तीचं भरलेलं असतं. सिरिंजने ओढून पाचवा डोस काढणारे आहेत. तसं करू नका.

वायल: औषध तेच, हे खरं. पण एक वायल म्हणजे एक डोस, ०.५ मिली, आत प्रिझर्वेटिव्ह नाही. एकदा टोचली की उरलेलं टाकायचं. ५ ची वायल आणून दोन आठवडे अर्धी-अर्धी घेणं हा त्याच कंपनीतल्या मित्राचा दुसरा सल्ला असणार, तोही नको.

आता सिरिंज. आपल्याकडे दोन प्रकारच्या इन्सुलिन सिरिंज सर्रास मिळतात: लाल टोपीची यू-४० (मिलीला ४० युनिट) आणि केशरी टोपीची यू-१०० (मिलीला १०० युनिट). अर्धा मिली म्हणजे यू-१०० वर ५० ची रेघ, आणि यू-४० वर २० ची. घरात आजोबांची लाल टोपीची सिरिंज वापरणाऱ्याने ‘वीसपर्यंत भर’ सांगितलं आणि हातात केशरी टोपीची असली, तर जातो ०.२ मिली. २.५ मिग्रॅच्या जागी १ मिग्रॅ. मग महिनाभर ‘इंजेक्शन लागूच पडत नाही’ ही तक्रार. वायल घेतलीच तर केशरी टोपी, १ मिलीची सिरिंज, ५० ची रेघ, आणि पहिल्यांदा डॉक्टरांच्या नर्ससमोर. नवख्या माणसाला माझं मत पेनच.

पेन टोचताना तीन जागी चुकतं.

सुई आधी लावून ठेवणं. ४ मिमी, ३२ गेजची सुई दर वेळी नवी, टोचायच्या वेळीच लावायची आणि लगेच काढायची. सुई लावलेलं पेन फ्रिजमध्ये ठेवलं की औषध झिरपतं, हवा शिरते, पुढच्या वेळी सुई चोंदलेली असते.

प्रायमिंग न करणं. क्विकपेनला ते प्रत्येक डोसच्या आधी करायचं: सुई वर, टिचकी मारून बुडबुडे वर आणा, बटण दाबा, टोकाला थेंब दिसला पाहिजे. सेमाग्लुटाइडच्या (याच धर्तीच्या दुसऱ्या औषधाच्या) पेनची पद्धत वेगळी असते, म्हणून यूट्यूबवर भलत्याच पेनचा व्हिडिओ पाहून शिकू नका.

आणि घाईने सुई ओढणं. बटण शेवटपर्यंत दाबून, दाबलेलंच ठेवून सावकाश पाच अंक मोजा. बाहेर काढल्यावर त्वचेवर एखादा थेंब दिसला तर चिंता नाही, ओघळ आला तर लवकर काढलीत. पण म्हणून लगेच दुसरा डोस टोचू नका.

जागा: बेंबीपासून पाच सेंमी सोडून पोट, किंवा मांडीचा पुढचा भाग. दंडावर दुसऱ्याने टोचायचं. दर आठवड्याला जागा बदला. फ्रिजमधून काढून वीस-तीस मिनिटं बाहेर ठेवलं तर कमी चुणचुणतं.

वापरलेल्या सुया घंटागाडीत सुट्या टाकू नका, कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या हाताला लागतात. फिनाइलची रिकामी जाड बाटली, झाकणाला चिकटपट्टी, आणि भरली की दवाखान्यात द्या, त्यांच्याकडे जैववैद्यकीय कचऱ्याची गाडी येते.

कॉलेजरोड_७

एवढ्या उठाठेवीपेक्षा टेलिग्रामवर पावडर मिळते, पाणी घालून मिसळायची. चौथ्या हिश्शात काम.

औषधी_पंचवटी

@कॉलेजरोड_७ त्या कुपीवर ना परवाना क्रमांक, ना खात्रीचा बॅच, ना आत नेमकं किती मिलिग्रॅम आहे याची हमी. पाणी किती घालायचं हे विकणाराच सांगणार. बिल देणारं दुकान, सीलबंद खोकं, बॅच नंबर, मुदत, आणि देताना बर्फाची पिशवी, यातलं एक जरी नसेल तर घेऊ नये. पैशांचाच प्रश्न असेल तर सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ मध्ये संपलंय आणि भारतीय कंपन्यांचे ब्रँड आले आहेत, त्याबद्दल डॉक्टरांशी बोला. मात्र एका औषधावरून दुसऱ्यावर जाताना मिलिग्रॅमला मिलिग्रॅम असा हिशोब लागत नाही, डोस डॉक्टरच ठरवतात.

साखरवही

अंबडवाले दादा, तुमच्या पाच प्रश्नांत नसलेला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे: ग्लिमेपिराइड.

टिर्झेपटाइड एकट्याने सहसा शुगर फार खाली नेत नाही, कारण शुगर जास्त असेल तेव्हाच ते इन्सुलिन वाढवतं. ग्लिमेपिराइड तसं बघत नाही, तुम्ही जेवा न जेवा, ते इन्सुलिन सोडायला लावतं. भूक निम्मी झाली आणि गोळी तीच राहिली की दुपारी चारला घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. म्हणून हे इंजेक्शन सुरू करताना बहुतेक डॉक्टर ग्लिमेपिराइड कमी करतात किंवा थांबवतात. तुमची गोळी एकत्र असल्यामुळे ती बंद केली तर मेटफॉर्मिनही बंद होईल, आणि अर्धी तोडून उपयोग नाही. पहिल्या इंजेक्शनच्या आधी फोन करून नेमकं विचारा: ‘ग्लिमेपिराइडचं काय करायचं आणि मेटफॉर्मिन वेगळं लिहून देणार का?’ स्वतःहून बदलू नका.

पहिले काही आठवडे घरच्या ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी आणि संध्याकाळच्या जेवणाआधी मोजा. ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे, पाण्यात विरघळवून, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. पोळी किंवा बिस्कीट नको. या औषधाने जठर उशिरा रिकामं होतं, त्यांनी शुगर वर यायला वेळ लागतो.

डॉक्टरांना आणखी सांगायचं: घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर किंवा एमईएन-२ (ग्रंथींमध्ये गाठी होणारा आनुवंशिक आजार) आहे का (साध्या थायरॉइडच्या गोळीची अडचण नाही), पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली होती का, पित्ताशयात खडे आहेत का. डायबेटिस असल्याने डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. शुगर झपाट्याने उतरली की आधीच बिघडलेला पडदा आणखी बिघडू शकतो. मूत्रपिंडाची क्रिएटिनिन तपासणी झालेली नसेल तर करून घ्या.

डोस चार-चार आठवड्यांनीच का वाढवतात? औषध रक्तातून निम्मं व्हायला सुमारे पाच दिवस लागतात, त्यामुळे दर आठवड्याला थोडं साचत जातं आणि साधारण चौथ्या आठवड्यात पातळी स्थिरावते. त्याआधी वाढवलं तर खरा परिणाम दिसायच्या आतच तुम्ही पुढची पायरी चढलेले असता, आणि मग उलट्या. २.५ हा शरीराला सवय लावायचा डोस आहे, त्यावर वजन फारसं हललं नाही म्हणून घाबरू नका. ५ वर नीट चालत असेल तर १५ गाठायलाच पाहिजे असंही नाही.

मळमळ, ढेकर, बद्धकोष्ठ हे नेहमीचं, आणि डोस वाढवल्यावर परत डोकं वर काढतं. पण पोटात असह्य कळ येऊन पाठीत जात असेल, जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखत असेल किंवा डोळे पिवळे दिसत असतील, किंवा पाणीही टिकत नसेल, तर पुढचं इंजेक्शन न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठा. कुठलंही ऑपरेशन किंवा एंडोस्कोपी ठरली तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा, उपाशी असूनही पोटात अन्न असू शकतं.

ही माहिती शोधणाऱ्या भगिनींसाठी एक ओळ: टिर्झेपटाइडने गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होऊ शकतो. सुरुवातीचे आणि प्रत्येक वाढीनंतरचे चार आठवडे दुसरं साधन वापरा. मूल हवं असेल तर किती आधी थांबायचं ते डॉक्टरांना विचारा.

किती महिने? ही कोर्स संपवायची अँटिबायोटिक नाही. सेमाग्लुटाइडच्या स्टेप-१ चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरलं, आणि औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोनतृतीयांश परत आलं. टिर्झेपटाइड सोडणाऱ्यांचंही वजन परत चढतं. तीन महिन्यांचेच पैसे असतील तर सुरू करावं का, हा प्रश्न आधी सोडवा.

ताट_आणि_तोल

जेवणाचं मी सांगते.

पहिली गोष्ट, रविवारची मिसळ. तर्री, फरसाण आणि वर पाव, हे पोट रिकामं व्हायला तसंही वेळ घेतं, त्यात जठर मंदावलेलं. सडक्या अंड्याच्या वासाचे ढेकर त्यातूनच येतात. इंजेक्शननंतरचे दोन-तीन दिवस तर्री नको. मोड आलेली मटकी शिजवून, कांदा-लिंबू पिळून वाटीभर घ्या, मिसळीतला चांगला भाग तोच आहे. उरलेल्या दिवशी अर्धी प्लेट खाल्लीत तर काही बिघडत नाही.

दुसरी, आणि तुमच्यासाठी मोठी: प्रथिनं. भूक गेली की माणूस चहा, दोन खारी आणि थोडा वरणभात यावर दिवस काढतो. उतरणाऱ्या वजनातला पाव ते चाळीस टक्के भाग चरबी सोडून इतर, त्यात स्नायूंचाही, असू शकतो. तुमच्या बांध्याला रोज ८०-९० ग्रॅम प्रथिनांचं लक्ष्य ठेवा, मूत्रपिंड ठीक आहे याची खात्री करून. एक अंडं ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीर १८ च्या आसपास, वाटीभर घट्ट वरण ६-७, ५० ग्रॅम कोरडे सोयाचंक्स २५. ताटात आधी हे, मग भाजी, भाकरी शेवटी. पोट भरल्याची खूण अचानक येते, तिथे घास थांबवा. ‘टाकायचं कशाला’ म्हणून खाल्लेले शेवटचे दोन घासच उलटीत येतात. सोबत आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलण्याचा किंवा उठाबशांचा व्यायाम हवा, गोदाघाटावरची नुसती फेरी स्नायू टिकवायला पुरत नाही.

बद्धकोष्ठाला इसबगोल चालेल, पण ग्लासभर पाण्याबरोबरच आणि वर दिवसभरात अडीच लिटर पाणी. कोरड्या पोटात इसबगोल आणखी अडकतं.

एकादशी: ग्लिमेपिराइड चालू असेपर्यंत उपास नकोच. ती बंद झाल्यावर फराळाची एकादशी जमू शकते, निर्जळी नाही. साबुदाणा खिचडीत मुख्यतः स्टार्च आणि तूप, त्यावर दिवसभर जडपणा. त्याऐवजी दही, पनीर, राजगिऱ्याची भाकरी, मूठभर शेंगदाणे, ताक. डोस वाढवलेल्या आठवड्यात एकादशी आली तर ती सोडा, पांडुरंग रागावत नाही.

अंबडवाला

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांना फोन केला. ग्लिमेपिराइड बंद, मेटफॉर्मिन वेगळं लिहून दिलं. पेनच घेणार. पण गावी न्यायचं राहिलंच, आणि एखादा वार चुकला तर?

औषधी_पंचवटी

आठवड्यातून एकदाच घ्यायचंय, तर गावी न्यायचं कशाला? गुरुवारी रात्री नाशिकच्या घरी टोचा, पेन प्रवासच करणार नाही. औषधाची पातळी ८ ते ७२ तासांत शिखरावर जाते, म्हणजे जड दिवस शुक्रवार ते रविवारात येतील, कारखान्यातले बहुतेक दिवस हलके जातील. गावच्या जेवणावळीत तेवढं सांभाळा.

फ्रिजमध्ये मधल्या कप्प्यात, खोक्यात ठेवा. दारात नको, आणि बर्फाच्या कप्प्याखाली मागच्या भिंतीला टेकवून तर अजिबात नको. गोठलेलं पेन वितळलं तरी वाया गेलं, दिसायला अगदी चांगलं असलं तरी. चालू पेन ३० अंशांखाली बाहेर चालतं, पण मे महिन्यात आपल्या घरांत दुपारी ते जमत नाही. लाइट दोन-चार तास गेली तर फ्रिजचं दार उघडू नका, बस. कधी न्यावंच लागलं तर थर्मासची पिशवी, जेलपॅक टॉवेलात गुंडाळून, पेन त्याला चिकटू न देता. गाडीच्या डिकीत नाही.

चुकलं तर: ठरलेल्या वेळेपासून चार दिवसांच्या आत आठवलं की लगेच घ्या आणि पुढचं नेहमीच्या गुरुवारी. सोमवारी रात्री घेतलंत तरी गुरुवार रात्रीपर्यंत तीन दिवस होतात, तेवढं अंतर पुरतं. चार दिवस उलटले तर तो डोस सोडा, दोन एकदम नाही. वार कायमचा बदलायचा असेल तरी दोन डोसमध्ये किमान तीन दिवस हवेत. दोन-तीन आठवडे सलग चुकले तर आधीच्याच डोसवर उडी न मारता डॉक्टरांना विचारा, कधी एक पायरी खाली यावं लागतं. खोक्यावर पहिल्या डोसची तारीख पेनाने लिहून ठेवा. चार डोस बाविसाव्या दिवशी संपतात, एक आठवडा सुटला तरी एकोणतिसाव्या दिवशी, म्हणजे मुदतीत. दोन सुटले तर चौथा डोस फेकायचा.