मदत हवी आहे: ऑस्ट्रेलियात पर्थ ते अ‍ॅडलेड, एकटीने, सायकलवर. नलारबॉरच्या ओसाड, कोरड्या पठारावर पाण्याचं काय करू?

मंडळी, नमस्कार.

वय ५१, मुक्काम सातारा. सातारा–गोवा दोनदा आणि सातारा–कन्याकुमारी एकदा, एकटीने, सामान स्वतःच्या कॅरिअरवर. रोजचे ८०–९० किलोमीटर होतात. तेव्हा "जमेल का हो?" एवढं सोडून बाकी सगळं सांगा. तो प्रश्न घरी रोज दोन वेळा विचारला जातोच.

पुढच्या सप्टेंबरात पर्थहून निघून अ‍ॅडलेडला भाच्याकडे पोचायचं आहे. साधारण २,७०० किलोमीटर, हाताशी सहा आठवडे. पहिल्या भागाची मला फार काळजी नाही. नॉर्थम, मेरेडिन, सदर्न क्रॉस असा गव्हाचा मुलूख, आणि मुंडेरिंग धरणाचं पाणी १९०३ पासून सोन्याच्या खाणींपर्यंत पोचवणारी ती पाइपलाइन रस्त्याच्या सोबतीला.

अडलंय नॉर्समनच्या पुढे, नलारबॉरच्या वाटेवर. तिथून सेडुनापर्यंत सुमारे १,२०० किलोमीटर, आणि बराचसा रस्ता नुसत्या रोडहाउसांच्या (पेट्रोल, जेवण, मुक्काम मिळणारे हमरस्त्यावरचे ढाबे) भरवशावर. नॉर्समन ते बॅलडोनिया १९० च्या आसपास, बॅलडोनिया ते कायगुना १८२, आणि त्यातले १४६.६ किलोमीटर रस्त्याला एकही वळण नाही. तेवढ्या अंतरात आपल्याकडे किती चहा होतात याचा हिशेब केला आणि नकाशा मिटून ठेवला.

दोन दिवसांचं पाणी म्हणजे १२ लिटर धरलं तर १२ किलो वजन नुसतं पाण्याचंच. गेल्या वेळी आंबोली घाटात मागचा स्पोक तुटला, तोही निम्म्या सामानावर. मग पाणी कमी घेऊ की सामान? रस्त्याकडेच्या टाक्यांवर विसंबता येतं का? वारा पश्चिमेचा असतो म्हणून ही दिशा धरली आहे, ते बरोबर ना? आणि मेतकूट-भडंग नेऊ देतात का? (हसू नका, कन्याकुमारीला भडंगावरच पोचले होते.)

— घाटवाट

*

ताई, मी पर्थला असतो आणि हा रस्ता याच दिशेने सायकलवर केला आहे.

आधी एक दुरुस्ती. काळजी नाही म्हणता तो भाग पुन्हा नकाशावर बघा. सदर्न क्रॉस ते कूलगार्डी जवळपास १८५ किलोमीटर आहे, मध्ये गाव नाही. पाइपलाइन शेजारून जाते खरी, पण तिला नळ नसतात! तीच तुमची रंगीत तालीम समजा. पूर्ण पाणी भरून, एक रात्र मध्ये तंबू टाकून तो टप्पा करा. रोज किती पाणी लागतं, चाक किती सोसतं, ते तिथेच कळेल. नाही झेपलं तर नॉर्समनच्या पुढे सायकलवर जायचं की नाही, हे ठरवायला वेळ उरतो.

पाणी कमी करू नका, सामान करा. मी १२ लिटर नेलं होतं, संपलं साडेदहा. रिकाम्या होतील तशा घडी घालता येणाऱ्या पिशव्या घ्या आणि वजन थोडं पुढच्या चाकावरही टाका. टाक्या काही विश्रांतीच्या जागी आहेत, पण भरलेल्या असतीलच असं नाही. मिळालं तर बोनस. रोडहाउसवरही गोडं पाणी दुर्मिळ, बहुधा विकतच घ्यावं लागतं.

वारा: तिथल्या थंडीत आणि वसंताच्या सुरुवातीला, म्हणजे सप्टेंबरातही, पश्चिमेचा जास्त, हे खरं. मला तरी चार दिवस तोंडावर होता. एक दिवस तर ४० किलोमीटरवर तंबू ठोकला. असे दिवस हिशेबात धरा.

सूर्य तिथे उत्तरेकडून जातो, त्यामुळे पूर्वेला जाताना डावा हात आणि डावा गाल भाजतो. माशांसाठी डोक्यावरून घ्यायची जाळी हवीच. मॅगपाय पक्षी सप्टेंबरात घरट्याजवळ डोक्यावर झडप घालतात, दचकून रस्त्याच्या मध्ये जाऊ नका. मागून ३६ मीटर लांबीची रोड ट्रेन (मागे ट्रेलर जोडलेला अजस्र ट्रक) येत असेल आणि समोरूनही वाहन दिसलं, तर सरळ खाली उतरायचं. आरसा लावाच.

मेतकूट-भडंग विमानातल्या कार्डावर जाहीर करा, लपवू नका. सायकलचे टायर घासून धुवा, माती चालत नाही. आणि सेडुनाच्या नाक्यावर फळं-भाज्या काढून घेतात, त्याआधीच खाऊन टाका.

— स्वान_नदीकाठ

*

भर घालतो. दोन रोडहाउसांच्या मधल्या रस्त्यावर मोबाइलला बहुतेक रेंज नसते. पीएलबी (संकटात उपग्रहामार्फत मदत मागणारं खिशातलं यंत्र) न्या, भाड्यानेही मिळतं. कॅरव्हॅन घेऊन फिरणारे निवृत्त आजी-आजोबा बरेच भेटतात. रिकामी बाटली वर धरली की सहसा थांबतात. पण हा शेवटचा उपाय, योजना नव्हे.

काट्यांचं विसरू नका. तिथे डबलजी म्हणतात ते आपल्या सराट्यासारखेच. तंबूसाठी रस्ता सोडलात की सायकल उचलून न्या.

बाकी, १८९६ मध्ये आर्थर रिचर्डसन नावाच्या माणसाने कूलगार्डी ते अ‍ॅडलेड ३१ दिवसांत केलं होतं, तेव्हा डांबर कुठलं असायला! रस्ता पूर्ण डांबरी झाला १९७६ ला.

— चेनतुटली

*

दोघांचेही आभार. सदर्न क्रॉसचं अंतर मी चक्क चुकीचं वाचलं होतं, गाव दिसलं म्हणून पुढचंही गाव जवळच धरलं. तालीम तिथेच करते. त्याआधी दिवाळीनंतर १२ लिटर लादून सातारा–पंढरपूर जाऊन-येऊन बघणार.

आता एकच: मागच्या चाकाला ३६ स्पोकांचं मजबूत रिम हवंय. साताऱ्यात तीन दुकानं पालथी घातली, सगळे ३२ चंच दाखवतात. पुण्यात किंवा कोल्हापुरात हाताने चाक बांधून देणारा कुणी माहीत आहे का?

— घाटवाट